सी हॅरियरचा राखाडी नेमका कोणता?

साखळी गावाहून तू विचारले आहेस की १/७२ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, सी हॅरियर या लढाऊ विमानाचे मॉडेल करायला घेतले आहे, आपल्या नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचे, गोव्यातल्या दाबोळी तळावरचे. किटमधल्या कागदावर ब्रिटिश विमानाचे रंग दिलेत. बोगमाळोच्या संग्रहालयात तू स्वतः काढलेल्या फोटोत विमान निळसर दिसते, इंटरनेटवरच्या एका फोटोत जवळजवळ काळे आणि दुसऱ्यात सिमेंटसारखे फिकट. दुकानदार म्हणतो कुठलाही गडद राखाडी मार, कोण बघतो. मग बाटली कोणती घ्यायची?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणे. ही विमाने डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा दाबोळीला उतरली तेव्हा वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि पोटाला पांढरी होती. वरच्या राखाडीचा ब्रिटिश मानक क्रमांक बीएस ३८१ सी : ६४०. तू ऐंशीच्या दशकातले विमान करणार असशील तर हम्ब्रॉलचा १२३ किंवा मिस्टर हॉबीचा एच ३३३ घे. या मॉडेलच्या रंगांच्या कंपन्या, आणि दोन्ही आकडे याच रंगासाठी आहेत. पोटाला पांढरा. पण २०१६ साली निवृत्त होण्याच्या आसपासचे विमान डोळ्यांसमोर असेल तर ही जोडी चालणार नाही, कारण शेवटच्या वर्षांतल्या फोटोंत पोटही राखाडीच दिसते आणि वरचा रंगही इतका गडद वाटत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी मला एवढे सांग: कितव्या सालचे, आणि कोणत्या क्रमांकाचे?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेकांना तो नकोसा वाटतो. ‘भारतीय सी हॅरियर’ एवढे पुरेसे नाही का? नाही पुरत. एका आसनाची एकूण २३ विमाने आपण घेतली, त्यांचे क्रमांक ६०१ पासून पुढे. ती तेहतीस वर्षे समुद्रावर उडाली. विमान मोठ्या दुरुस्तीला गेले की रंग खरवडला जातो आणि नवा बसतो, आणि तो त्या वेळी चालू असलेल्या नियमाप्रमाणे बसतो. त्यामुळे ‘सी हॅरियरचा रंग’ असे काही नसते. अमुक क्रमांकाचे विमान अमुक साली असे दिसत होते, एवढेच खरेपणाने सांगता येते. साल ठरव, क्रमांक ठरव, त्या विमानाचा त्याच काळातला एक तरी तारखेचा फोटो मिळव. डिकलच्या (किटमधल्या चिकटवायच्या खुणांच्या) पानावर तुला हवा तो क्रमांक नसेल तर जो आहे त्याचा फोटो शोध. फोटो नाही मिळाला तर क्रमांक बदल. रंग मागाहून.

किटच्या कागदाचे आता. सी हॅरियरच्या बहुतेक किटांवर १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धातली विमाने असतात, कारण ती जगभर खपतात. त्या युद्धाआधी ब्रिटिश नौदलाची सी हॅरियर आपल्यासारखीच होती, वर ६४० आणि खाली पांढरा. जहाजे दक्षिणेकडे निघाल्यावर पांढरे पोट आकाशात उठून दिसेल म्हणून ते वाटेतच राखाडीने झाकले. ‘हर्मिस’ या विमानवाहू जहाजावरच्या विमानांना तर चक्क ब्रशने रंग मारला. मागून पाठवलेल्या ८०९ स्क्वाड्रनची विमाने आणखी वेगळी होती: वर मीडियम सी ग्रे, खाली बार्ली ग्रे, दोन्ही फिकट. युद्धानंतर ब्रिटिशांनी पुन्हा योजना बदलली. म्हणजे तुझ्या हातातला कागद बरोबरच आहे, पण तो त्या सहा-आठ आठवड्यांचा आहे. (ती ‘हर्मिस’ म्हणजेच आपली ‘विराट’, १९८७ पासून. त्याच डेकवर आपल्या पोरांनी नंतर पांढऱ्या पोटाची विमाने उतरवली, हे मला अजून विशेष वाटते.)

आता संग्रहालय. बोगमाळोच्या वाटेवरचे नौदल विमान संग्रहालय आपल्याला घराजवळ मिळाले आहे, ही गोव्यातल्या मॉडेलवाल्यांची मोठीच चैन. सी हॅरियर आहे, सी हॉक आहे, आलिझे आहे, आणि ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन. मी वर्षातून तीन-चार खेपा तरी करतो. पण रंग ठरवायला तिथे जाऊ नकोस.

कारण सांगतो. तिथली विमाने उघड्यावर उभी आहेत, समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, उरलेले आठ महिने ऊन. अशा जागी विमान टिकवायचे तर दर काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो, आणि तो देताना उद्देश पत्रा वाचवण्याचा असतो, १९८५ ची छटा जपण्याचा नव्हे. तो रंग उडत्या विमानाचा पुरावा धरता येत नाही. देशोदेशींच्या संग्रहालयांत हेच असते, आपलीच गोष्ट नाही.

मग मी तिथे काय बघतो? आकार. खोबणी. रिव्हेटच्या ओळी. झाकणांच्या कडा. इंजिनाच्या मागच्या नळ्यांच्या मागे लावलेला उष्णतारोधक पत्रा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. पंखाखालचे कोन, चाकांचे दांडे, पुढच्या हवेच्या तोंडाभोवतीची छोटी छोटी झडपदारे. आणि एक रंगाची गोष्ट मात्र तिथे शिकण्यासारखी आहे: प्रकाश. सकाळी दहाला जा, विमानाच्या नाकासमोर उभा राहा आणि वरची बाजू बघ. मग चार पावले बाजूला सरकून त्याच रंगाची, पण सावलीतली बाजू बघ. तोच डबा, तोच हात, तरी सावलीत रंग थंड आणि निळा होतो, कारण तिथे सूर्य पोचत नाही, फक्त निळे आकाश पोचते. पुन्हा ऊन कलल्यावर जा. तोच राखाडी आता तपकिरीकडे झुकलेला दिसेल. एकाच दिवसात, एकाच विमानावर, तुझ्या तिन्ही फोटोंची भानगड तुला उलगडेल.

फोटोंबद्दल म्हणून एवढेच सांगतो. फोटोवरून रंग मोजू नकोस, रंगांचे नाते मोज. वरचा राखाडी त्याच फोटोतल्या टायरच्या काळ्यापेक्षा किती फिकट आहे? पोटाच्या पांढऱ्याशी त्याचा फरक किती? शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या गणवेशात निळसर झाक आली आहे का? गणवेश निळसर असेल तर विमानातला निळाही तेवढा वजा कर. जुन्या फिल्मचे रंग काळाने सरकतात, स्कॅन करणारा आपल्या आवडीने सरकवतो, मोबाइलचा पडदा वर आणखी चकाकी चढवतो. संगणकावर फोटो उघडून एका ठिपक्याचा आकडा काढायचा आणि त्या आकड्याचा रंग मिसळायचा, असे काही जण करतात. मी करून बघितले आहे. त्यातून त्या फोटोचा रंग मिळतो, विमानाचा नव्हे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मानकावर. बीएस ३८१ सी हा ब्रिटिशांचा ठरलेल्या रंगांचा संच आहे. प्रत्येक रंगाला तीन आकडी क्रमांक. आपल्या कामाचे चार पाठच करून टाक: ६३७ मीडियम सी ग्रे, ६३८ डार्क सी ग्रे, ६४० एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ६२७ लाइट एअरक्राफ्ट ग्रे. नावे इतकी सारखी आहेत की घोळ ठरलेला. दुकानदाराने तुला ‘डार्क सी ग्रे’ दिला तर तो ६३८, आणि तो ६४० पेक्षा स्पष्टपणे फिकट आहे. ६४० मध्ये पाटीच्या दगडासारखी निळी-काळी झाक असते. एका वर्षी पणजीच्या प्रदर्शनासाठी केलेले अख्खे विमान मी ‘एक्स्ट्रा’ हा शब्द न वाचल्यामुळे ६३८ मध्ये रंगवले. ते चुकीचे दिसतही नव्हते, म्हणूनच चूक चार महिने लक्षात आली नाही. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर.

म्हणून बाटलीवरच्या नावापेक्षा क्रमांक बघ. मिस्टर हॉबीच्या त्या मालिकेत बाटलीवर बीएस क्रमांक छापलेला असतो: एच ३३१ वर ६३८, एच ३३३ वर ६४०, एच ३३५ वर ६३७. लॅकर (झटपट वाळणारा, थिनरचा रंग) घेतलेस तर तेच आकडे एच ऐवजी सी लावून येतात. हम्ब्रॉलमध्ये १२३ म्हणजे ६४०, १६४ म्हणजे ६३८, १६५ म्हणजे ६३७. काही कंपन्यांच्या बाटल्यांवर नुसते नाव असते, मानकाचा उल्लेख नसतो. असे रंग वाईट नसतात, पण ते कशावरून जुळवले हे कळत नाही, तेव्हा आधी चमच्यावर बघायचे आणि मगच विश्वास टाकायचा. चमच्याचे पुढे सांगतो.

इंटरनेटवर तुला पाच आकडी क्रमांकही दिसतील. ते अमेरिकन, फेडरल स्टँडर्ड ५९५ चे. वाचायला सोपे आहेत: पहिला आकडा चकाकी सांगतो, १ म्हणजे चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगाचे घराणे, ६ म्हणजे राखाडी. शेवटचे तीन साधारण उजळपणाच्या चढत्या क्रमाने. ३६११८ हा एफ-१६ च्या पाठीवरचा गडद राखाडी आणि ३६३७५ पोटाचा फिकट, हे आकड्यांवरूनच उमगते. अमेरिकन विमान करशील तेव्हा हे सोन्यासारखे आहे. पण ब्रिटिश रंगासाठी कोणी अमेरिकन क्रमांक सांगितला, तर तो ‘जवळचा’ असतो, तोच नसतो. ६४० ला ६४० च म्हण.

आणि आपल्याकडचे मानकही आहे, आयएस ५, घरगुती आणि कारखान्याच्या रंगांसाठी. म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात त्याचे शेड कार्ड मिळते का बघ. त्यातले बरेच क्रमांक ब्रिटिश यादीशी जुळतात. ६३२ हा दोन्हीकडे डार्क अॅडमिरल्टी ग्रे. तो तुला बाहेरून नको आहे, पण हॅरियरच्या काळातल्या ब्रिटिश कॉकपिटच्या आतला राखाडी तोच. तेव्हा डबा घेऊ नकोस, हार्डवेअरचा एनॅमल आपल्या कामाला फार जाड असतो. ते कार्ड मात्र बघून ये, आणि कॉकपिटचा रंग त्याला जुळव.

आता चमचे. २०२२ च्या बंदीआधी जिलेबीच्या दुकानात मिळायचे तसले पांढरे प्लास्टिकचे चमचे, घरात जुने पडून असतील ते. चमच्याची पाठ विमानाच्या अंगासारखी गोल असते, त्यामुळे रंग वळणावर कसा उजळतो, कसा गडद होतो, ते सपाट कार्डापेक्षा नीट कळते. प्रत्येक चमच्याला मॉडेलला मारणार तोच प्रायमर मार. मग रंग, मॉडेलला देणार तितकेच हात. चोवीस तास वाळू दे. मग अर्ध्या चमच्यावर चकचकीत वार्निश मार आणि अर्धा तसाच ठेव. वार्निश मारलेली बाजू गडद आणि भरीव दिसेल, कारण मॅट पृष्ठभाग उजेड इकडेतिकडे उधळतो आणि त्या उधळलेल्या उजेडाने रंग फिकट वाटतो. ओल्या रंगाकडे बघून ‘हा गडद झाला’ किंवा ‘हा फिकट झाला’ म्हणणारे इथेच फसतात. वाळलेला आणि वार्निश झालेला, तेवढाच रंग खरा.

हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा होती. चवथीच्या आधीचा महिना आम्ही पोरे तिथेच पडीक. चित्रशाळेत रात्रंदिवस ट्यूबलाइट जळायची आणि मूर्तीवाले आजोबा त्या उजेडात कधीही पितांबराचा रंग पक्का करत नसत. पिवळा मिसळून झाला की मातीच्या एका खापरीला लावायचे, खापरी अंगणात न्यायची, तुळशीकडे उजेडाला धरायची, पुन्हा आत आणायची. दोन खापऱ्या आत अगदी सारख्या दिसायच्या आणि अंगणात एक हिरवट, एक केशरी. मला तेव्हा जादू वाटायची. पुढे कळले की दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतील तर एका उजेडात ते जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. राखाडीत हे फारच होते, कारण राखाडी शंभर वाटांनी बनवता येतो: काळ्या-पांढऱ्याने, निळ्या-तपकिरीने, हिरव्या-लालाने. दोन कंपन्यांचा ६४० तुझ्या टेबलावरच्या बल्बखाली जुळा भाऊ वाटेल आणि बाल्कनीत चुलत भाऊ निघेल.

तेव्हा चमचे बाल्कनीत बघ. सकाळी दहा ते अकरा, थेट ऊन नको, पण उघडे आकाश हवे. मागे पांढरा कागद धर, लाल भिंत किंवा हिरवी झाडे शेजारी असली तर त्यांचा रंग चमच्यावर उतरतो, आणि गोव्यात हिरवे नसलेले अंगण शोधावे लागते. रात्रीच बसत असशील तर टेबलावर ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, रंग नीट दाखवणारा दिवा लाव, आणि मॉडेल ज्या खोलीत कायमचे ठेवणार तिथल्या उजेडातही एकदा बघून घे. शेवटी रोज तिथेच बघायचे आहे ना.

बाटली मिळालीच नाही तर? ज्वलनशील रंग विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे मुंबई-पुण्याहून मागवलेली बाटली रस्त्याने येते आणि कधी पंधरवडा जातो. वाट बघ, असाच माझा सल्ला आहे. पण हात राहवत नसेल तर मिसळ. पांढऱ्यात काळा टाकायचा, थेंबाथेंबाने. काळ्यात पांढरा ओतत गेलास तर बादली भरेल आणि रंग जुळणार नाही. आणि एक गोष्ट मी नेहमी मुलांना पांढऱ्या टाइलवर दाखवतो: निव्वळ काळा आणि पांढरा एवढेच मिसळ, टूथपिकने पातळ ओढ. जो राखाडी येतो तो आधीच निळसर असतो, निळ्याचा एक थेंबही न घालता. काजळीच्या काळ्याचा तो गुणच आहे. म्हणून ६४० ‘निळसर आहे’ असे वाचून लगेच निळा ओतू नकोस. आधी उजळपणा जुळव, मग झाक बघ, आणि निळा लागलाच तर टूथपिकच्या टोकाने. जास्त निळा झाला तर गेरूच्या रंगाचा कण घाल, तो शांत होतो. पुरेल त्याच्या दुप्पट मिसळून झाकणबंद ठेव, कारण तोच रंग दुसऱ्यांदा कधीच जमत नाही.

आता तो नेहमीचा वाद, लहान मॉडेलला रंग फिकट करायचा की नाही. म्हणणे असे की खरे विमान आपण दुरून बघतो, मधल्या हवेने रंग उजळतो, म्हणून मॉडेलवर रंगात पांढरा मिसळावा. १/७२ ला पंधरा टक्के, १/४८ ला दहा, १/३२ ला सात, असे प्रमाण फार जण वापरतात. तत्त्व मला पटते, आकडा पटत नाही. ६४० मध्ये पंधरा टक्के पांढरा घालून बघ, तो ६३८ च्या वाटेला लागतो, आणि ज्यासाठी एवढी क्रमांकांची काळजी घेतली तेच हातातून जाते. मी १/७२ ला आधी शुद्ध ६४० चा पूर्ण हात देतो. मग त्याच रंगात किंचित पांढरा, म्हणजे पाच-सहा टक्के, घालून पातळ करतो आणि फक्त पत्र्यांच्या मध्यभागी, पंखाच्या वरच्या बाजूला आणि पाठीच्या उंचवट्यावर, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) ढगासारखा फिरवतो. कडांना मूळ गडद राहतो. यात दोन कामे होतात: लहान मापाचा उजळपणाही येतो आणि उन्हाने विटलेला पत्राही दिसतो. समुद्रावरच्या विमानाचा वरचा रंग असाच विटतो, मध्येच एखादे झाकण नव्याने रंगवलेले आणि गडद. अशी दोन झाकणे, त्याहून जास्त नको.

पांढऱ्याचे दोन शब्द, कारण सगळे लक्ष राखाडीकडे असते आणि मॉडेल बिघडते पांढऱ्याने. पांढरा आधी मार, राखाडी नंतर. गडदावर पांढरा चढवायला पाच हात लागतात, पांढऱ्यावर गडद दोन हातांत बसतो. राखाडी प्रायमरवर पांढरा प्रायमर, मग रंग. शुद्ध पांढरा १/७२ ला खेळण्यासारखा दिसतो, तेव्हा बाटलीत राखाडीचा एखादा थेंब घाल, तोही त्याच ६४० चा, म्हणजे दोन्ही रंग एका घरचे वाटतात. दोन रंगांमधली रेष धारदार असते, फवाऱ्याने विरलेली नाही. ती नाकाजवळ आणि हवेच्या तोंडाखाली नेमकी कुठून जाते ते आपल्या फोटोवरून ठरव. टेप लावल्यावर तिची कड आधी पांढऱ्यानेच एकदा फवारून घे. फटीत शिरायचा तो पांढराच शिरतो आणि टेप काढल्यावर रेष सुरीने कापल्यासारखी येते.

पावसाळ्यात लॅकर मारू नकोस. जुलैत हवा नव्वद टक्के दमट असताना फवारलेल्या रंगावर पांढुरकी साय धरते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. ६४० सारख्या गडद रंगावर ती साय लगेच दिसते आणि माणसाला वाटते रंगच चुकीचा आला. रंग बरोबर होता, हवा चुकीची होती. अगदीच मारायचे तर एसीच्या खोलीत तासभर हवा कोरडी होऊ दे, किंवा सावकाश उडणारे रिटार्डर थिनर घाल. एनॅमलला हा त्रास कमी, पण वाळायला आठवडा धर. गणपती झाल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात रंगवलेस तर सगळ्यात बरे.

नळ्यांचे रंग लोक एकसारखे करतात, ते चूक. हॅरियरच्या इंजिनाला चार नळ्या. पुढच्या दोन पंख्याची तुलनेने थंड हवा सोडतात, मागच्या दोन जळालेला गरम वायू. म्हणून पुढच्या नळ्यांवरचा रंग टिकतो, मागच्या भाजलेल्या धातूच्या, तपकिरी-जांभळट. त्यांच्यामागचा उघडा पत्रा आणि त्याच्या मागे उठणारी काजळीची पट्टी ही या विमानाची खूण. काजळी मऊ पेन्सिलच्या भुकटीने, कोरड्या ब्रशने, मागच्या दिशेला ओढ. आणि आपल्या विमानावर अमेरिकन साइडवाइंडर क्षेपणास्त्रे लावू नकोस. आपली सी हॅरियर फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रे नेत. हा रंगाचा विषय नाही, पण ६४० जुळवण्यात महिना घालवून खाली चुकीची क्षेपणास्त्रे टांगलेली मी पाहिली आहेत, आणि वाईट वाटते.

वर्तुळाकार राष्ट्रचिन्हाकडे शेवटी ये. बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. गडद राखाडीवर पातळ डिकल लावले की खालचा रंग वर येतो, केशरी विटकरी होतो आणि हिरवा काळपट. त्यामुळे डिकलच्या मापाचे, किंचित लहान, पांढरे वर्तुळ आधी रंगवून घे आणि त्यावर डिकल बसव. डिकलआधी चकचकीत वार्निश हवेच, नाहीतर कडेने हवा अडकून चंदेरी चट्टे येतात. ऐंशीच्या दशकातले विमान असेल तर शेवटचे वार्निशही चकचकीतच ठेव, फार तर सॅटिन. मॅट मारलेस तर इतक्या कष्टाने जुळवलेला ६४० डोळ्यांदेखत फिकट होईल.

तेव्हा आधी क्रमांक आणि साल कळव. तोवर सहा चमचे कर: हम्ब्रॉल, मिस्टर हॉबी, तुझे मिश्रण, प्रत्येकी एक शुद्ध आणि एक पाच टक्के पांढऱ्याचा. कुठला कुठला ते चमच्याच्या दांड्यावर सुईने कोरून ठेव, शाई थिनरने पुसली जाते. माझ्याकडे बीएसचे ६३७, ६३८ आणि ६४० चे मूळ रंगपत्ते आहेत, ते टपालाने देत नाही. पाऊस उघडल्यावर एखाद्या रविवारी वास्कोला ये, चमचे घेऊन. आमच्या व्हरांड्याला उत्तरेचा उजेड आहे, सकाळी दहाला तिथेच मांडून बघू, आणि मग बोगमाळोला जाऊन रिव्हेट मोजू.